बांधावरच्या आईची कड

माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नपत्रिकेवर मी देवीच्या जागी टोमॅटो छापला.

ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षं लोकांना वेगवेगळ्या प्रकारे सांगत आलोय. 'थोडी तांत्रिक अडचण आली.' 'शाई पसरली.' 'प्रेसवाल्याने घोळ घातला.' (प्रेसवाल्याने काहीही घोळ घातला नव्हता. त्या भल्या माणसाने मशीन सुरू करण्याआधी मला दोनदा विचारलेलं, "हरेशभाई, नक्की हेच छापायचं ना?") आता पन्नाशी उलटली. कुणाला कुठलं खोटं सांगितलंय ते आठवत नाही. त्यापेक्षा खरं सांगणं सोपं, म्हणून सांगतो.

साल सत्त्याण्णव असेल. आम्ही मूळचे बाळकुमचे, खाडीवरचे कोळी. वडील लवकर गेल्यावर माझी आई, जिला आम्ही सगळे बाय म्हणतो, आम्हा दोघा भावंडांना घेऊन डोंबिवलीला कोपरच्या बाजूला राहायला आली. धाकटी मालू आणि मोठा मी. आमच्या घराण्यात जाळं न विणता नुसत्या बोटांवर पोट भरणारा पहिला माणूस म्हणजे मी! सहा महिन्यांचा कोर्स करून मी प्रदीप नावाच्या मित्राबरोबर पत्रिका आणि बिलबुकं जुळवायचं छोटंसं दुकान टाकलेलं. त्यात एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि काचेची एक केबिन. केबिनमध्ये एसी होता. तो आमच्यासाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. आत येताना चपला बाहेर काढायच्या, शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची, असे नियम होते. बाय कधी दुकानात आली की कॉम्प्युटरकडे बघून डोक्यावरचा पदर सारखा करायची.

मालूचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा, सरकारी नोकरीतला, स्वभावाने गरीब. मी घरात जाहीर करून टाकलं, "पत्रिका मी करणार. तयार छापलेली आणायची नाही. वर आपली बांधावरची आई असणार!"

"आईचं चित्र? पत्रिकेवर?" बायने हातातलं लाटणं थांबवलं. "आजवर कोणी केलंय का असं?"

"कोणाकडे कॉम्प्युटर होता आजवर?" मी म्हणालो. (या एका वाक्यासाठी मला आजही कुणी कानाखाली दिली तर मी दुसरा गाल पुढे करीन.)

बांधावरची आई म्हणजे आमच्या घराण्याची देवी. बाळकुमला खाडीच्या बांधावर एक दगड आहे, दीड हात उंच. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर लावलाय आणि मधोमध चांदीचे दोन डोळे बसवलेत. नाक नाही, हात नाहीत, पाय नाहीत. नुसता शेंदराचा उंचसखल ढीग आणि त्यातून तुमच्याकडे रोखून बघणारे दोन डोळे. लहानपणी खोटं बोललं की बाय म्हणायची, "चल आईसमोर." आम्ही लगेच कबूल करून टाकायचो.

मी उसना कॅमेरा घेऊन गेलो आणि फोटो काढून आणला. फोटोत आईच्या मागे कुंपण होतं, एक सायकल होती आणि एक कोंबडी होती. ते सगळं कॉम्प्युटरवर कापून काढायचं आणि एकटी आई ठेवायची, एवढंच काम होतं. मी माऊस धरून आईच्या कडेकडेने फिरलो, कोंबडी उडवली, सायकल उडवली. उरलेलं चित्र मोठं करून पाहिलं.

आईची कड करवतीसारखी दिसत होती! सगळीकडे दातरे. बारीक बारीक पायऱ्या.

आता यातलं थोडं समजावून सांगायला हवं. कॉम्प्युटरवरचं कुठलंही चित्र बारीक चौकोनांचं बनलेलं असतं, जशी घरातली फरशी. फरशीच्या तुकड्यांनी गोल आकार केला तर कडेला पायऱ्या दिसणारच. लांबून दिसत नाहीत, जवळून दिसतात. मी चित्र आठपट मोठं करून बघत होतो. आठपट मोठं केलं तर कुणाचीही कड तशीच दिसेल. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की मालूच्या पत्रिकेवर दातरे असलेली देवी जाणार आणि सगळं बाळकुम म्हणणार, हरेशला काम येत नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये कड गुळगुळीत करायची सोय होती. एक आकडा घालायचा, बटण दाबायचं, पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटंपालटं होत राहायचं आणि पाच मिनिटांनी कड मऊ व्हायची. मी एकचा आकडा घातला. थोडे दातरे गेले. दोनचा घातला. आणखी गेले. पण आता डावीकडे एक उंचवटा उगाच बाहेर आलेला दिसू लागला. तो कॉम्प्युटरने केलेला, की मुळातच तसा? मला आठवेना, आणि फोटो घरी होता. मी कॉम्प्युटरवर आळ घेतला आणि पाचचा आकडा घातला.

"अरे, बस कर ना," प्रदीप म्हणाला. "छापल्यावर काही दिसत नाही ते."

"तुला दिसत नाही. आईचं काम आहे."

"तीन दिवस झाले, एक कड घासतोयस. बिलबुकं पडलीयेत तशीच."

"बिलबुकं राहू देत. सख्ख्या बहिणीचं लग्न आहे!"

कुठल्याही खळग्यावर, कुठल्याही टोकावर माझी नजर अडकली की मी बटण दाबायचो. एक टोक गेलं की शेजारचं टोक उठून दिसायचं. एखाद्या माणसाने मिशीची एक बाजू जरा कमी करावी, मग दुसरी जरा कमी करावी आणि शेवटी मिशीच राहू नये, तसं झालं. फक्त मला ते दिसलं नाही, कारण मी तीन दिवस तेच चित्र बघत होतो. शेवटी मी खुर्चीत मागे टेकलो. समोर केशरी-लाल, गोल गोमटी, एकही दोष नसलेली आई होती. मग मला वाटलं, जरा उठाव यायला हवा. म्हणून मी एका बाजूला पांढरी चमक टाकली. आणि वर रिकामं वाटलं म्हणून आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. पाच हिरवी पानं, बरोब्बर आईच्या डोक्यावर!

प्रदीपने खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे बघितलं.

"कशी वाटते?" मी विचारलं.

"ताजी वाटते," तो म्हणाला.

मला वाटलं, स्तुती करतोय.

पाचशे पत्रिका छापून आल्या. आमच्याकडे पहिली पत्रिका आईसमोर ठेवायची आणि दुसरी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या हातात द्यायची. मोठं माणूस म्हणजे जनीआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यावर ठाण्याच्या बाजारात मासे विकून तिने आमच्या शाळेच्या फिया भरल्या. आणि ती नुसती आत्या नव्हती, बाळकुमची धवलारीण होती. आमच्यात लग्नाचे विधी धवले गात गात होतात आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. मांडव, हळद, सगळं तिच्या गाण्यावर चालतं. आत्याने दुनियेची लग्नं गायली होती. मालू पाळण्यात असताना तिने म्हणून ठेवलेलं, "हिच्या हलदीला मी अशी गाईन, का खाडी थांबून ऐकेल."

मी दुपारी बाळकुमला पोचलो. आत्या ओटीवर बसून कोलंबी सोलत होती. शेजारी तिचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, पेपर वाचत होते. मी अक्षता लावून, वाकून पत्रिका दिली. आत्याने हात पुसले, पत्रिका लांब धरली, मग जवळ धरली, मग उलटी केली.

"हे काय छापलंस रं?"

"आपली आई, आत्या."

"कोनाची?"

"आपली. बांधावरची."

तिने पत्रिका मामांकडे दिली. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नीट पाहिलं.

"टोमॅटो हाय," ते म्हणाले. "डोले लावलेत त्याला."

मी त्यांच्या हातातून पत्रिका घेतली. आणि देवाशपथ सांगतो, त्या क्षणी पहिल्यांदा मलाही दिसलं! चमक, गोलाई, वर हिरवी पानं. मंडईतला अव्वल माल! मी घाईघाईने बोलायला लागलो. दातरे, चौकोन, आठपट, गुळगुळीत. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग कोलंबीच्या वासाचं बोट पत्रिकेवर डावीकडे ठेवलं.

"हितं खांदा होता तिचा."

"खांदा?"

"तुजा बापूस दवाखान्यात होता तवा मी रोज हितं मूठभर शेंदूर लावायची. सव्वा महिना लावला. तिथं फुगीर झालेली. खांदा म्हनायची मी त्याला." बोट उजवीकडे सरकलं. "आन हितं खाच होती. बांध फुटला, पानी आत शिरलं, तवा शेंदराचा ढलपा पडला. आमचा बाबा बोलला, खाच भरू नका. पुढच्यांना कलू दे, पानी कुठवर आलेलं ते." बोट वर गेलं. "हितं टोक होतं. तुज्या आजीनं नवस फेडला, तू झालास तवा."

ते टोक मला चांगलं आठवत होतं. सातव्यांदा बटण मी त्याच्यासाठीच दाबलं होतं.

"आत्या, मला वाटलं, तो कॉम्प्युटरचा दोष आहे."

"आमी सगल्यांनी लावलेलं तू घासून टाकलंस?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी धवले कोनाच्या नावानं सुरू करते? आयेच्या. ही आय माज्या वलखीची नाय. वलख नसलेलीच्या नावानं मी गानार नाय. दुसरी धवलारीण बघ."

आणि ती पुन्हा कोलंबी सोलायला लागली. मामा मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "चित्र बाकी साफ आलंय हां."

घरी येऊन सांगितलं तर बाय बोटांवर दिवस मोजायला लागली. हळद आठ दिवसांवर होती. मालूने पत्रिका हातात घेतली, टोमॅटो बघितला आणि एकदम हसत सुटली. मग हसता हसता रडायला लागली.

"दादा, मला टोमॅटो चालेल रे. कोबी छापला असतास तरी चाललं असतं. पण मला आत्याच पाहिजे. तिने मला शब्द दिलाय."

"मी सगळं परत नीट करतो."

"तू आता काही नीट करू नकोस!" बाय आणि मालू एका सुरात म्हणाल्या.

पण अपराधी माणूस गप्प कुठे बसतो? मी दुकानात जाऊन चित्र उघडलं. मागे जायचं म्हटलं तर त्या सॉफ्टवेअरमध्ये एकच पाऊल मागे जाता यायचं. जुनी प्रत शोधली, तर दर वेळी मी त्याच फाइलवर साठवत गेलेलो. फोटो बायकडे मागायची सोय नव्हती, म्हणून मग हातानेच उंचवटे काढायला घेतले. इथे खांदा, इथे टोक. दोन तास खपलो.

प्रदीपने मागून डोकावलं. "आता बटाटा झाला."

"गप बस."

"नाही, म्हणजे आधी टोमॅटो, आता बटाटा. अजून एक दिवस लाव, भाजी होईल."

एवढ्यात फोन वाजला. मालूचे होणारे सासरे, कल्याणहून. काही पत्रिका माझ्या एका मामेभावाने आधीच वाटून टाकल्या होत्या, त्यातली एक त्यांच्या आळीत पोचलेली.

"हरेशराव, पत्रिका पाहिली. छान आहे, मोठी छान आहे. एक विचारू का? राग मानू नका. तुमचा भाजीचाही धंदा आहे का? नाही, आमचे शेजारी विचारत होते."

"नाही, काका. ती आमची देवी आहे."

पलीकडे खुर्ची सरकली. मग पावलं वाजली, बहुधा ते उठून उभे राहिले असावेत. "नमस्कार, नमस्कार," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाळकुमला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलेलं. ओटीवर आत्याला पाहिलं आणि पाठ केलेलं सगळं विसरलो.

"आत्या," मी म्हणालो, "मला कळत नाही, कुठलं टोक मशीनचं आणि कुठलं आईचं. खरंच कळत नाही. एवढा शिकलो, पण मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. तू चल आणि मला दाखव."

मामा म्हणाले, "जा गो. त्याचा एसी तरी बघून ये."

आणि ती आली! बाजार आटोपून, रिकामी पाटी डोक्यावर घेऊन, थेट डोंबिवलीला आमच्या दुकानात. चपला बाहेर काढल्या. पाटी मात्र काढून ठेवली नाही. "चोरीला गेली तर?" म्हणून ती आत घेतली. बंद केबिन, बंद खिडक्या, चालू एसी आणि सकाळभर बोंबील वाहिलेली पाटी. प्रदीपने चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. फक्त पाच मिनिटांनी तो "बिलबुकं देऊन येतो" म्हणून गेला, तो संध्याकाळीच उगवला.

फोटो बायने देव्हाऱ्यात ठेवला होता. तो आणून मी पुन्हा स्कॅन केला. पडद्यावर आई उमटली तशी आत्याने कमरेची पुडी काढली आणि मी नको म्हणायच्या आत पडद्याच्या काचेवर कुंकू लावलं. मग तिने माझ्याशेजारी खुर्ची ओढली.

"हां. चल. हलूहलू."

मी माऊस धरला आणि आत्या बोटाने रस्ता दाखवू लागली. "हितून वर. वर. आतमदी नको जाऊ, खांदा हाय. बाहेरून जा. हां. आता खाच. उतर खाली. अजून उतर, पानी तितवर आलेलं. बस." मध्येच थांबायची, कुठल्या साली काय झालं ते सांगायची, डोळे पुसायची आणि लगेच ओरडायची, "आरं, कुठं चाललास? ती कोंबडीची शेपटी हाय!"

तीन दिवसांत मी जे घासून घालवलं, ते दीड तासात परत आलं. चित्र मोठं केलं, तशा कडेच्या पायऱ्या पुन्हा दिसायला लागल्या. मी घाबरतच म्हणालो, "आत्या, हे बारीक दातरे मात्र खरंच मशीनचे आहेत. काढू का?"

ती पुढे वाकून बघत राहिली. "पायऱ्या हायेत ना?"

"पायऱ्याच म्हण."

"मग राहू दे. बांधावर चढाया पायऱ्या लागतातच."

ते चित्र आम्ही वेगळ्या कागदावर छापून घेतलं आणि उरलेल्या पत्रिकांवर टोमॅटो झाकेल असं चिकटवलं. आत्याने, बायने, मालूने आणि मी, खळ लावून, ओळीने बसून. कात्री मात्र माझ्या हातात कुणी दिली नाही. जुन्या पत्रिका गेल्या त्या गेल्याच. काही पाहुणे अखेरपर्यंत म्हणत राहिले की हल्ली पत्रिकेवर काय काय छापतात!

हळदीच्या दिवशी मांडव भरला. आत्या पुढे बसली, डोळे मिटले आणि आयेच्या नावाने सुरू झाली. मालू मान खाली घालून ऐकत होती. हळदीने माखलेले तिचे गाल ओले झालेले. बायने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी मनातल्या मनात म्हणालो, सुटलो!

तेवढ्यात आत्याने एक डोळा उघडला. आमच्या धवल्यांत नातेवाइकांची टोपी उडवायची पद्धत आहे. गाणारी बाई जागच्या जागी जोडते आणि बाकीच्या मागून म्हणतात. आत्याने माझ्याकडे बघत सूर लावला,

हरेशदादाची कमाल गो, आयेची काढली साल गो!

मामांनी टाळी वाजवली आणि शंभर बायकांनी ती ओळ उचलली. कल्याणचे व्याही पोट धरून हसत होते. मालू हसत होती. मी शेंदरासारखा लाल होऊन मांडवाच्या खांबामागे उभा राहिलो, तर खांबामागच्या बायकाही तेच गात होत्या.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचे धवले तिच्या सुना गातात. त्यांना ती ओळ फार आवडते, कुठल्याही चालीत बसते म्हणे. बाळकुमला हळद कुणाचीही असो, दर वेळी नवरीचं नाव बदलतं, नवऱ्याचं बदलतं, पण भावाचं तेच राहतं. गेल्या महिन्यात एका हळदीला गेलो होतो. नवरी एकुलती एक, तिला भाऊच नव्हता. तरी माझं नाव घेतलंच.